विजयदुर्गाची वाट गाविलगडाला जाते

दिवाळीची सुटी जवळ आली की अकोल्याच्या आणि बडनेऱ्याच्या फलाटांवर कोकणात निघालेली कुटुंबे दिसू लागतात. नागपूर-मडगाव विशेष गाडी २०२२ पासून या मार्गाने धावू लागली आणि वऱ्हाडातून समुद्राकडे जाणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु परतलेल्या कुटुंबाला चार दिवसांनी विचारावे, काय पाहिले? उत्तर बहुधा ठरलेले असते. अमुक ठिकाणी अर्धा तास, तमुक ठिकाणी पाऊण तास, सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीवाल्याने दिलेला एक तास, आणि भ्रमणध्वनीत साठवलेली सहाशे छायाचित्रे. किल्ल्याच्या तटावरून चालत पूर्ण फेरी मारली का, असे विचारले तर मंडळी एकमेकांकडे पाहतात. पैसा खर्च झाला, शीणही झाला, पण कोकण पाहायचे राहूनच गेले.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्या पायांतच आहे. गेल्या मार्गशीर्षात अमरावती आणि अकोला येथील आम्ही बावीस जण विजयदुर्गापासून मालवणपर्यंत किनाऱ्याने पायी चाललो. वाट पाऊणशे किलोमीटरच्या आसपासची, दिवस सहा. बरोबर देवगड तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक वाटाडे म्हणून होते. सर्वजण त्यांना गुरुजीच म्हणत. सर्वांत लहान सहप्रवासी नववीत शिकणारा, सर्वांत ज्येष्ठ आजी अडुसष्ट वर्षांच्या. या सहा दिवसांनी जे शिकवले त्याचा वृत्तान्त लिहिण्यापेक्षा त्यातून उमटलेला विचार वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चालणे हा आपला वारसा

पायी सहल म्हटले की ती पाश्चात्त्यांची हौस वाटते. वास्तविक वऱ्हाडला चालणे शिकविण्याची गरज नाही. शेगावची श्रीगजानन महाराजांची पालखी दरवर्षी अकोल्यावरून पंढरपूरला पायी जाते. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघते. नर्मदेच्या परिक्रमेला जाणाऱ्यांत वऱ्हाडी माणसे आवर्जून भेटतात. ज्यांनी महाराष्ट्राला गड-किल्ल्यांवर पायी जायला शिकवले, ते गोपाल नीलकंठ दांडेकर तर १९१६ साली परतवाड्यातच जन्मले. गाविलगडाच्या पायथ्याशी जन्मलेल्या या माणसाने पुढे सह्याद्रीचे दुर्ग पायांखाली घातले आणि दोन पिढ्यांना त्यांचे वेड लावले. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी, १९१४ पासून शरीरसाधनेचे व्रत चालविणारी संस्था ज्या भूमीत आहे, तेथील तरुणांना दिवसाला बारा-चौदा किलोमीटर जड वाटावेत, हे पटणारे नाही.

जपानच्या शिकोकू बेटावर कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांच्या स्मरणार्थ अठ्ठ्याऐंशी मंदिरांची सुमारे बाराशे किलोमीटरची पदयात्रा चालते. तिचा मोठा भाग समुद्रकाठाने जातो. वेल्सने २०१२ साली आपल्या संपूर्ण किनाऱ्याने, सुमारे चौदाशे किलोमीटरची, पायवाट आखून लोकांना खुली केली. तेथे कुटुंबे आठ-आठ दिवस चालतात, वाटेतल्या गावांत मुक्काम करतात, गावांना चार पैसे मिळतात आणि मुलांना स्वतःचा देश कळतो. त्यांच्याकडून हे नव्याने घेण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडे वारी आहे. वारीची शिस्त, वारीचा साधेपणा आणि वारीतले समान नाते इतिहासाच्या वाटेवर आणले की पुरे.

वाटाड्या हवा, पण कसा?

अशा सहलीचा प्राण म्हणजे मार्गदर्शक. मौजेच्या वस्तू दाखवणारे पुष्कळ मिळतात. खरे काय आणि ऐकीव काय हे सांगणारा दुर्मीळ असतो. विजयदुर्गावर एका जागेला ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या शास्त्रज्ञाने हेलियमचा शोध येथेच लावला, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. आमच्या गुरुजींनी ती कथा सांगितली आणि लगेच पुढचेही सांगितले. त्या ग्रहणाचे निरीक्षण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरला केले. लॉकियरने आपली नोंद त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून केली. “गावाची कथा म्हणून ऐका, परीक्षेत लिहू नका,” असे ते हसत म्हणाले. आपल्या गावाचा मोठेपणा कमी करणारे सत्य सांगायलाही धैर्य लागते. विजयदुर्गाला उसन्या मोठेपणाची गरजही नाही. बाराव्या-तेराव्या शतकांच्या संधिकाळी शिलाहार राजा दुसरा भोज याने उभारलेला, शिवछत्रपतींनी बलाढ्य केलेला हा तिहेरी तटाचा जलदुर्ग स्वतःच्याच तेजाने उभा आहे. त्याच्याजवळ समुद्राच्या पाण्याखाली सुमारे १२२ मीटर लांबीचे दगडी बांधकाम आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्याची मोजमापे घेतली आहेत. शत्रूची किती जहाजे त्यावर फुटली याच्या कथा गुरुजींनी सांगितल्या, पण मोजलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ होऊ दिली नाही.

दुसरा धडा पंचांगाचा. किनाऱ्याची वाट घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालते. एका सकाळी आम्ही आठ वाजताच पाठपिशव्या खांद्याला लावून सुरूच्या बनात उभे होतो. गुरुजी मात्र खाली बसले.

“आज द्वादशी. बाराची पाऊणपट किती?”

“नऊ,” मुलगा म्हणाला.

“म्हणजे नवाक पुरी भरती. तीनच्या सुमारास पुरी ओहोटी. दर्याक घाई नाय.”

“मंग काय तवालोक इथंसाच बसाचं काय?” आजींनी विचारले आणि सगळेच हसले.

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोकणपट्टीतला जुना ठोकताळा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. नेमकी वेळ सरकारी कोष्टकातून पाहावीच लागते आणि गुरुजींनी आदल्या रात्री ती पाहिलीही होती. परंतु चंद्र, तिथी आणि पाणी यांचे नाते त्या नववीतल्या मुलाला त्या सकाळी जसे समजले तसे ते वर्गात समजले नसते. अकरा वाजता पाणी मागे सरले तेव्हा सकाळी जेथे लाटा आपटत होत्या, तेथे घट्ट ओल्या पुळणीची वाट उघडी पडली. पंचांग आपल्या घराघरांतल्या भिंतीवर टांगलेले असते. ते आकाश आणि समुद्र वाचण्याचे साधन आहे, याचा विसर मात्र आपल्याला पडला आहे.

एका मुलाचा प्रश्न

परंतु या प्रवासातला खरा धडा पहिल्याच दिवशी, विजयदुर्गाच्या तटावर मिळाला होता. वाघोटन खाडीच्या मुखाकडे हात करून गुरुजी फेब्रुवारी १७५६ ची हकीगत सांगत होते. ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या जहाजांनी समुद्राकडून मारा केला. बंदरातल्या एका जहाजाने पेट घेतला, आग एकीकडून दुसरीकडे पसरली आणि कान्होजी आंग्र्यांनी उभारलेल्या, इंग्रज, पोर्तुगीज, डच या सर्वांना धाक घालणाऱ्या मराठी आरमाराची मुख्य शक्ती तेथेच राख झाली. मुलाने विचारले, “तेव्हा बाकीचे मराठे कुठे होते?”

गुरुजी क्षणभर थांबले. मग म्हणाले, “बाहेर होते. जमिनीच्या बाजूने, इंग्रजांच्या जोडीला.”

कोणी काही बोलले नाही. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, त्यांच्याविषयी पुण्याच्या तक्रारी खऱ्या होत्या, हे गुरुजींनी नंतर प्रामाणिकपणे सांगितले. दोष एकाच बाजूचा नव्हता. पण घरातल्या भांडणाचा निवाडा करण्यासाठी बाहेरच्याला बोलावले आणि त्याने निवाड्याच्या मोबदल्यात घराचा दरवाजाच काढून नेला, ही गोष्ट उरतेच.

वऱ्हाडच्या माणसाने येथे थांबून विचार करावा. समुद्राशी आपला संबंध काय, असे आपण सहज म्हणतो. तो इतिहासाने पुरेपूर दाखवून दिला आहे. ऑक्टोबर १८०२ मध्ये होळकरांकडून पराभूत झालेला दुसरा बाजीराव पुण्याहून कोकणात उतरला. ज्या किनाऱ्यावर एकेकाळी मराठी आरमाराच्या परवान्याविना परकी गलबते फिरकत नव्हती, त्या किनाऱ्यावरून मराठी राज्याचा पंतप्रधान इंग्रजी जहाजात बसून वसईला गेला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. त्या तहातून पुढच्या वर्षीचे युद्ध पेटले. २३ सप्टेंबर १८०३ ला असई, २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव, आणि १५ डिसेंबरला गाविलगड.

आर्थर वेलस्ली, जो पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगप्रसिद्ध झाला, त्याच्या सैन्याने गाविलगडाच्या उत्तर अंगाने तोफा डोंगरांतून ओढत नेऊन तट फोडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता दरवाजाशी पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. रघूजी भोसल्यांच्या हातून वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. आणि त्याच तहात गेला कटक प्रांत, बालासोर बंदरासह. १७५१ पासून ओडिशाचा किनारा नागपूरकर भोसल्यांकडे होता. म्हणजे गाविलगडावर ज्यांचे निशाण होते त्यांचाही एक समुद्र होता. तो गेला आणि कोलकाता ते चेन्नई हा पूर्व किनारा इंग्रजांच्या हाती सलग झाला.

१७५६ चे जळते आरमार आणि १८०३ चा फुटलेला तट यांमध्ये सत्तेचाळीस वर्षे आहेत. मधल्या काळात पानिपत आहे, घराण्यांची वैरे आहेत. एकाच घटनेवर सारा भार टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. तरीही समुद्र ज्याच्या हाती, त्याच्याकडे पैसा, दारूगोळा आणि नवे सैन्य येत राहते. ज्याने समुद्र सोडला त्याला डोंगरातला किल्लाही अखेर राखता येत नाही. पुढे याच समुद्रावरून वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला गेला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवीत त्याचा भाव चढला आणि ती संपताच कोसळला. भाव आपल्या बाजारपेठेत ठरत नव्हता, तो समुद्रापलीकडे ठरत होता. म्हणूनच म्हणावेसे वाटते की विजयदुर्गाची वाट गाविलगडाला जाते. ही वाट ज्याने पायी अनुभवली त्याला इतिहासाचे एकसंध चित्र दिसते. ज्याने तासाभरात उरकली त्याला दोन निरनिराळ्या सहली दिसतात.

दगड काय सांगतात

सहाव्या दिवशी आम्ही मालवणला पोहोचलो. किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्याला नमस्कार करून, ज्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची मुहूर्तमेढ रोवली गेली, तेथे होडीने गेलो. सुमारे ४८ एकरांचे बेट, त्याला जवळजवळ तीन किलोमीटरचा तट, बुरुजांच्या वळणात लपवलेले महाद्वार आणि चहूबाजूंच्या खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या मंदिरात आमचा गट दहा मिनिटे शांत बसला. घोषणा द्यावी असे कोणालाच वाटले नाही.

येथे एक कटू आठवण टाळता येत नाही. समोर राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी उभारलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. मे २०२५ मध्ये तेथे नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. पण समोरचा तट साडेतीनशेहून अधिक पावसाळे लाटा झेलतो आहे, हे त्या जागी उभे राहून पाहिले की मान खाली जाते. महाराजांच्या माणसांनी वारा, खारे पाणी आणि दगड यांचा अभ्यास केला, मग बांधले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराविषयी जे प्रकरण आहे त्यात जहाजासाठी लाकूड कोठून घ्यावे याचाही विचार आहे. रयतेने लेकरासारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत. जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असे तेथे बजावले आहे. महाराजांचा जयजयकार करणे सोपे आहे. त्यांच्यासारखा बारीक विचार करणे कठीण, आणि खरी भक्ती तीच.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी दुर्ग आहेत. या मानामुळे गर्दी वाढणार, हे निश्चित. ती गर्दी प्लास्टिकच्या बाटल्या मागे ठेवणार की समज घेऊन परतणार, हे सरकारी फलकावर अवलंबून नाही, तुमच्या-आमच्या घरांवर आहे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, वर्षातली एक सहल पायी करण्याचा संकल्प कुटुंबांनी आणि मंडळांनी करावा. गट वीस-पंचविसांहून मोठा नसावा. काळ कार्तिक ते माघ. पावसाळ्यात समुद्र बंद असतो आणि होड्याही. दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर पुरेत. ज्यांना तेवढे झेपत नाही त्यांच्यासाठी एक गाडी पुढच्या मुक्कामी असावी. आमच्या आजी दोन दिवस तिच्यातून गेल्या आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. खाडीचे मुख पायी ओलांडण्याचा मोह कोणीही करू नये. होडीत बसताना जीवरक्षक जाकीट अंगावर असावे. तटाच्या कडेवर उभे राहून छायाचित्रे काढू नयेत.

दुसरी गोष्ट, मुक्काम गावातल्या घरी करावा आणि वाटाड्या तिथलाच घ्यावा. घावणे, सोलकढी आणि उकड्या तांदळाची पेज वाढणाऱ्या घराला आपले पैसे मिळावेत. त्या बदल्यात आम्ही नेलेला ठेचा आणि ज्वारीचे पीठ दुसऱ्याच दिवशी संपले, आणि दोन प्रांतांची ओळख चुलीपाशी झाली. स्थानिक जाणकारांना योग्य मानधन द्यावे. ते देताना घासाघीस करणे आपल्याला शोभत नाही.

तिसरी गोष्ट शासनाकडे मागण्याची. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचे काम पुढे सरकते आहे. खाड्यांवर पूल येतील. कोकणच्या माणसाला ते हवेच आहेत, त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. परंतु रस्ता झाला की गाड्या भरधाव जातील आणि गावागावांतल्या जुन्या पायवाटा झुडपांत हरवतील. महामार्गाबरोबरच एक पायवाट आखली जावी, तिच्यावर गावाचे नाव, अंतर आणि भरतीच्या काळातला धोका सांगणारे साधे दगड बसवावेत. त्याला फार मोठा निधी लागणार नाही.

चौथी गोष्ट सर्वांत जवळची, म्हणून सर्वांत दुर्लक्षित. चिखलदऱ्याला वऱ्हाडातले कोण गेलेले नाही? पण तेथून हाकेच्या अंतरावरच्या गाविलगडावर अर्धा दिवस घालवून, तट कोणत्या अंगाने फुटला हे पाहून आलेले किती? अकोट तालुक्यातील नरनाळ्याचे महाकाली द्वार मुलांना दाखवून त्यावरचे कोरीव काम समजावून सांगणारे किती? बाळापूरचा किल्ला तर वाटेवरच आहे. कोकणात जसे गुरुजी भेटले तसे गुरुजी आपल्याकडेही तयार व्हायला हवेत. सेवानिवृत्त शिक्षकांनी आणि इतिहासाची गोडी असलेल्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे. गोनीदांच्या परतवाड्याहून पहिली तुकडी निघावी, यापरते योग्य स्मारक दुसरे कोणते?

आमचा गट आता ते करणार आहे. माघ महिन्यात, वनखात्याच्या नियमांत राहून, गाविलगड. तिथली हकीगत सांगण्याचे काम त्या नववीतल्या मुलाने मागून घेतले आहे. त्याने वहीत टाचणही केले आहे, आणि त्याची सुरुवात गाविलगडापासून नाही. पहिल्या ओळीत त्याने लिहिले आहे : विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६.